कॉर्डेलच्या अंगणातल्या अकरा गाड्या

बोझमन, २४ जुलै

प्रिय कॉर्डेल,

'प्रिय' वाचून दचकू नकोस. आठ वर्षांची असल्यापासून मी तुला ज्या नावानं हाक मारते ते नाव या वेळी कागदावर उतरेना, का ते पुढे येईलच, आणि पत्राची सुरुवात कशानं तरी करावीच लागते. टपालानं पत्र पाठवायची मला हौस नाही. पण फोनवर मी तुला सव्वीस निरोप पाठवले, सव्वीसच्या सव्वीस तू वाचलेस हे मला दिसतं, आणि उत्तर एकालाही नाही. पत्राची सोय अशी की तू ते वाचलंस की चुलीत घातलंस हे मला कळणार नाही. शिवाय टपालपेटीची किल्ली तुझ्या आईकडे असते, म्हणजे हे पाकीट तुझ्याआधी त्याच फोडणार. व्हर्लीन काकी, नमस्कार. तुमच्या कॉफीबद्दल जिथे लिहिलंय तेवढा भाग सोडून पुढे जा. आणि सोबतचं लांबट पुडकं पत्र संपेपर्यंत उघडू नका.

तर कॉर्डेल, सात आठवडे झाले. मी टीव्हीवर दिसले त्याला सात आठवडे झाले आणि तू अजून माझी टिंगल केली नाहीस. हे कुठल्या नियमात बसतं ते मला सांग. तुझे वडील आणि माझे वडील एकाच कुळातले, म्हणून आपलं नातं थट्टेचं. मी काही चुकीचं वागले की चारचौघांत माझी फजिती करायचा तुला हक्क आहे, आणि ती हसत हसत ऐकून घेणं हे माझं काम. चिडायचं नाही, रुसायचं नाही, दोघांनीही. आपल्या क्रो जमातीचं अर्धं कोर्ट यावरच चालतं, आणि तू त्यातला सगळ्यांत खतरनाक वकील. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टच्या जत्रेत, भर मिरवणुकीत, मी आजीच्या घोडीवरून घसरले होते. पुढच्या वर्षी तू शेपटीच्या केसांच्या दोन वेण्या लावून, प्लास्टिकचे चमचे टाचलेला झगा घालून त्याच घोडीवर बसलास. माझ्या झग्यावर सांबराचे दात होते, तुझ्यावर चमचे. दर पन्नास पावलांवर तू पडायचास, उठून घोडीची माफी मागायचास आणि झगा झटकून पुन्हा चढायचास. माइकवाला प्रत्येक पडण्याला दहापैकी गुण देत होता. मी हसले, कारण हसावंच लागतं, आणि मग आठवडाभर दुकानात गेले नाही. तो तू आता गप्प बसलायस, त्यामुळे माझी झोप उडाली आहे.

इथलं माझं आयुष्य तुला ठाऊक आहे, तरी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. या विद्यापीठात मला कोणी हसत नाही. मी काहीही बोलले तरी लोक मान हलवतात. मागच्या हिवाळ्यात माझा टोस्ट करपला आणि खोलीभर धूर झाला. माझ्यासोबत राहणारी केट दार उघडून आत आली, धूर बघितला, आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाली, "सॉरी, तुझा विधी चाललाय ना? चालू दे." आणि दार ओढून निघून गेली. मी तिला कधी खरं सांगितलं नाही. तेव्हापासून काही करपलं की ती बाहेर जाऊन बसते, आणि खोली मला एकटीला मिळते.

वर्गात आणखी मजा. आमच्या सरांचा विषय आहे, बातम्यांत आणि सिनेमांत कुठली माणसं कशी दाखवतात. कुठल्याही माणसांवर बोलणं चालू असो, शेवटी सर चष्मा काढतात आणि म्हणतात, "आता जॅरिलिनला काय वाटतं ते ऐकू या." चाळीस माना मागे वळतात. एकदा मी नुसतं "मला सर्दी झालीय" म्हणाले, तर पुढच्या बाकावरच्या मुलीनं ते लिहून घेतलं. पण खरं सांगू, या विषयात माझं डोकं चांगलं चालतं. मी एक वही केली होती. वर्षभर टीव्हीवर आपली माणसं दिसली की त्यात टिपायची. टेकडीवर उभी: एकोणीस वेळा. लांब कुठेतरी बघतायत: सव्वीस. रडतायत: चौदा. हसतायत: दोन, त्यातला एक दारू प्यायलेला. फ्रीज उघडताना एकही नाही. "बाजूला हो, मॅच दिसत नाहीये" असं म्हणताना एकही नाही. एक तर आपण वाईट बातमीत असतो, नाहीतर वाईट बातमीतून सावरल्याच्या बातमीत. मधल्या दिवसांत आपण पेट्रोल भरतो, भांडतो, बास्केटबॉल बघतो, त्यासाठी कॅमेरा कोणी आणत नाही. यावर मी मोठा निबंध लिहिला. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि मला वाटलं, चला, आता जग सुधारणार.

तो निबंध ऐकूनच टीव्हीवाली लिंडसे आली. आजच्या तरुण आदिवासी पिढीवर तिला तासाभराचा कार्यक्रम करायचा होता. मी तिला तीन अटी घातल्या. बासरी नको, मावळता सूर्य नको, गरुड नको. तिनं तिन्ही वहीत लिहून घेतल्या आणि खाली रेघ मारली. मला ती बाई आवडली होती, हे कबूल करते. अजूनही ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

मे महिन्यात ती लोकं आपल्या गावी, लॉज ग्रासला आली तेव्हा तू होतासच. आजीला त्यांनी सांगितलं, एखादी जुनी गोष्ट सांगा. आजी म्हणाली, "बर्फ वितळलं, आता गोष्टी बंद. हिवाळ्यात या." लिंडसेला वाटलं आजी लाजतेय. तिनं फार गोड आवाजात पुन्हा विचारलं, तेव्हा आजीनं बास्केटबॉलच्या टीमची जर्सी सारखी केली आणि बरं म्हणून सुरू केलं. कॅमेरावाला हळूच जवळ सरकला. आजीनं पाऊण तास सत्त्याऐंशी सालची फायनल सांगितली, कुणाचा पाय कसा रेषेवर पडला आणि पंचाच्या घरी पुढे काय काय झालं ते सगळं. क्रो भाषेतून सांगितली, म्हणून ती लोकं भारावून ऐकत होती. अर्थ मला सांगावा लागला. आजी कार्यक्रमात तीन सेकंद आहे, तेही पाठमोरी.

मग मला नदीकाठानं हळू चालायला लावलं. सात वेळा. लिंडसे म्हणायची, "पूर्वजांचा विचार कर." मी पूर्वजांचा विचार करत चालायला लागायचे आणि पलीकडच्या काठावर तू ट्रकच्या टपावर चढून माझ्यासारखाच हळू चालायचास, छातीवर हात ठेवून. सातव्यांदा लिंडसे जरा वैतागून म्हणाली, "तुला हसू का येतंय?" आता तिला काय सांगणार?

आणि मग पाऊस आला, त्यांच्या व्हॅनचा सेल्फ लागेना, आणि आपण सगळे तुझ्या गॅरेजमध्ये शिरलो. इथून पुढचं मी सात आठवडे टाळतेय. काकींनी कॉफी दिली. काकी, सांगितलं होतं ना सोडा म्हणून. तुमची कॉफी सकाळी सहाला चुलीवर चढते आणि दुपारी चारला तीच असते. लिंडसेनं एक घोट घेतला आणि उरलेली खिडकीतल्या झाडाला पाजली. झाडाचं काय झालं ते कळवा. तू मात्र रंगात आला होतास. भर पावसात त्या सगळ्यांना अंगण दाखवत फिरलास. अकरा गाड्या, अकराही नावानिशी. या हिरव्या वॅगनचे दरवाजे आता तीन घरांत आहेत. त्या लाल गाडीच्या सीटवर बसून पाद्रीबुवा चर्चला जातात. निळ्या पिकअपनं आतापर्यंत खोऱ्यातल्या नऊ गाड्या जिवंत ठेवल्या, त्यात एक आजीची, तिच्या काचेचं हॅन्डल. मग तू त्याच निळ्या पिकअपचा सेल्फ काढून त्यांच्या व्हॅनमध्ये बसवलास आणि त्यांच्याकडून काही घेतलं नाहीस. उलट दारावरच्या पाटीपाशी उभं राहून कॅमेरामनला म्हणालास, "हिनं ठेवलेलं नाव आहे, लहानपणी. मी रंगवून घेतलं." मोठ्या अक्षरांत भंगारवाला. तुझ्या चेहऱ्यावर एवढं कौतुक मी कधी पाहिलं नव्हतं.

तिथेच, दारात, लिंडसेनं मला विचारलं की टीव्हीवर आपली गावं बघताना मला काय वाटतं. मी म्हणाले, "ते असं दाखवतात की इथं काही उरलेलंच नाही. सगळं मोडलेलं, सगळं सोडून दिलेलं." निबंधातलंच वाक्य होतं. पाठ होतं. केस भिजले होते आणि आवाज छान लागला होता.

कार्यक्रम लागला तेव्हा अकराव्या सेकंदाला बासरी सुरू झाली. सूर्य दोनदा मावळला, सकाळच्या दृश्यानंतरसुद्धा एकदा. मी नदीकाठानं चालले, पहिला टेक, मी हसले नव्हते तो. आणि मग पाऊस, तुझं अंगण, त्या अकरा गाड्या एकेक करून, फार हळू. तू दारात उभा, फडक्याला हात पुसतोयस, पाटी कॅमेऱ्यात येत नाही. वरून माझा आवाज. "इथं काही उरलेलंच नाही. सगळं मोडलेलं, सगळं सोडून दिलेलं." पहिले चार शब्द त्यांनी कापले होते, 'ते असं दाखवतात की' एवढे.

इथे बोझमनला माझं कौतुक झालं. केट रडली. सरांनी चष्मा काढला आणि पुष्कळ वेळ घातलाच नाही. दोन ठिकाणी मला भाषणाला बोलावलं. गावाकडून आजीचा फोन आला, ती म्हणाली, "बूट चावत होते का तुला? अशी का चालत होतीस?" बाकीच्या थट्टेच्या भावंडांनी तर मला फाडून खाल्लं. पेट्रोल पंपावर माझ्या पुढे कोणी ना कोणी हळू चालतं, छातीवर हात ठेवून. आणि माझ्या वडिलांच्या कुळातल्या आत्या, ज्यांचं कामच माझी स्तुती करणं आहे, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मुलगी टीव्हीवर फार सुंदर दिसली. अंगणाबद्दल मात्र एकानंही ब्र काढला नाही. तो हक्क तुझा, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सगळे थांबलेत. तुझी वाट बघतायत.

मी आतापर्यंत सगळ्यांना हेच सांगितलं की त्यांनी माझं वाक्य कापलं, मी काय करणार. तुलाही सव्वीसपैकी बहुतेक निरोपांत तेच लिहिलं. ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. कार्यक्रम लागायच्या आठ दिवस आधी लिंडसेनं तो मला पाठवला होता. काही बदलायचं असेल तर कळव म्हणाली. मी लायब्ररीत बसून तो चार वेळा पाहिला आणि तिला तीन पानी उत्तर लिहिलं. बासरीवर एक पान. सूर्यावर अर्धं. उरलेलं सगळं गरुडावर, कारण तिनं टाकलेल्या गरुडाच्या मागे समुद्र दिसत होता. मोंटानात समुद्र. त्यावर मी काय काय टोमणे मारले होते, तू वाचून खूश झाला असतास. तुझ्या अंगणाबद्दल त्या तीन पानांत एक ओळ नव्हती. मला ते दिसलं नाही असं नाही, कॉर्डेल. पहिल्या वेळेलाच दिसलं. पण सगळ्या कार्यक्रमात मी तिथेच चांगली दिसत होते. माझा आवाज तिथेच सगळ्यांत चांगला होता. सर बघणार होते. म्हणून मी गरुडावर लिहिलं.

आणि त्यांनी गरुड बदलला. बाकी बदलायला उशीर झाला म्हणाली, पण गरुड दुसरा घातला, मागे समुद्र नसलेला. म्हणजे मी सांगितलं असतं तर एक दृश्य बदलता आलं असतं. ते मी गरुडावर खर्च केलं.

परवा काकींनी फोन केला होता. (काकी, मी त्याला सांगणार नव्हते, पण इलाज नाही.) त्या म्हणाल्या, तू गाड्या ओढून हार्डिनला मोडीत घालतोयस. अकरातल्या आठ गेल्या. हिरवी वॅगन गेली, पाद्रीबुवांची लाल गेली. पाटीही उतरवलीस. कुणी हेडलाइट मागायला आलं तर तू म्हणतोस, "माझ्याकडे काही उरलेलं नाही." काकी म्हणाल्या, अंगण आता स्वच्छ दिसतं. मला तुझ्या रागाची भीती वाटली असती तर बरं झालं असतं. राग आपल्यात चालत नाही, तू नियम मोडलास असं म्हणून मीच भांडले असते. पण तू माझं म्हणणं खरं मानलंस. जे मी कधी म्हणालेच नव्हते ते.

तर आता पुडकं उघड. शाळेतली पोरं वाजवतात ती प्लास्टिकची बासरी आहे, पिवळी, दुकानात याहून वाईट मिळाली नाही. हे सगळं पत्र तिच्यासाठीच लिहिलं. जत्रेला तीन आठवडे आहेत. मिरवणूक मैदानात आली की माइकवाल्याकडून माइक घे, बासरी वाजव, छातीवर हात ठेवून माझ्यासारखा चाल, आणि सगळ्यांना सांग की या बाईनं माझं अंगण मोडलेलं आणि सोडून दिलेलं म्हटलं, आणि त्याच अंगणातल्या सेल्फवर तिचे कॅमेरावाले परत गेले. गरुडाचंही सांग, तीन पानांचंही सांग, काही लपवू नकोस. मी आजीच्या तंबूसमोर उभी असेन, पहिल्या रांगेत, तुला दिसेन अशी. मी हसेन. नंतर तंबूमागे जाऊन रडले तर तो माझा प्रश्न. इथे मला कोणी हसत नाही, कारण इथे मी पाहुणी आहे, आणि पाहुण्यांशी सगळे नीट वागतात. सात आठवडे तूही माझ्याशी नीट वागतोयस. तसं नको करूस. उरलेल्या तीन गाड्या राहू दे, निदान निळी तरी, आजीची काच अजून तिच्याच हॅन्डलवर वरखाली होते. पाटी पुन्हा लाव. सूर लागला नाही तरी चालेल, भंगारवाल्या, पण वाजव.

तुझीच,
बूट चावत असल्यासारखी चालणारी,
जॅरिलिन